येवल्याच्या सभेतील प्राचार्य : बाबासाहेबांच्या अध्यापनाविषयी

धागाकर्ता : निवृत्त शिरस्तेदार, पंचवटी

२ मार्चला सकाळी मी दरवर्षी काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापाशी जाऊन येतो. १९३० साली याच तारखेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्या दिवशीची मिरवणूक येथवर आली आणि तिला दरवाजे बंद आढळले. यंदा सोबत पुतण्याची मुलगी होती. ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काळ्या पाषाणाच्या त्या उंच आवारभिंतीकडे बघत तिने विचारले, "आजोबा, हे घडले तेव्हा बाबासाहेब पोटापाण्यासाठी काय करत होते?" मी म्हणालो, "वकिली." त्यावर ती म्हणाली, "आणि शिकवणे? आदल्या वर्षीच्या मार्चपर्यंत ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात शिकवत होते." न्यायालयाच्या दप्तरात उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने ही गोष्ट विसरावी, याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले. त्या रुखरुखीतून हा धागा काढत आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रकथनात अध्यापन हा बहुधा एका ओळीत उरकण्याचा विषय असतो. १९१८ ते १९२० सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन, जून १९२८ पासून मार्च १९२९ पर्यंत विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापक, आणि जून १९३५ पासून १९३८ पर्यंत त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. वकिलीचे उत्पन्न तुटपुंजे म्हणून शिकवण्या केल्या, एवढेच आपण त्यावरून धरून चालतो. त्यात तथ्य आहे, कारण १९२३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात सनद घेऊन बसलेल्या अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकारांची रीघ लागण्याचे ते दिवस नव्हते. तरीही मला वाटते की त्यांच्या राजकारणाची रीतच कायद्याच्या वर्गातली आहे. आधी वाद नेमका कशाविषयी आहे ते निश्चित करायचे, मग त्याला कोणता नियम लागू पडतो ते पाहायचे, आणि त्यानंतर पुराव्याचा भार कोणावर ते विचारायचे.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, हे सर्वांना ठाऊक असते. पुढची दिवाणी दाव्याची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. तळे सार्वजनिक नसून खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असा दावा काही सवर्ण रहिवाशांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने आलेली होती. त्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याला हात लावण्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र, लोकांची तयारी पुरती असूनही, बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मोडू नये असा सल्ला दिला, सत्याग्रह तहकूब झाला, आणि लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पण पाण्यात कोणी उतरले नाही. पुढे तो दावा महाडच्या न्यायालयात फेटाळला गेला, अपिलातही टिकला नाही, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की वादी म्हणतात ती वहिवाट स्मरणातीत काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणजे पुराव्याचा भार वहिवाट सांगणाऱ्यावर होता आणि तो त्याला उचलता आला नाही. तीन दिवस कमी दहा वर्षे लागली. दिवाणी दाव्यांच्या तारखा ज्याने हयातभर रोजनाम्यात लिहिल्या आहेत, त्याला या धीराची किंमत कळते. हा निकाल लागला तेव्हा त्यातले पहिले प्रतिवादी विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या खुर्चीवर बसलेले होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर आठवडाही उलटला नसेल, तोच बाबासाहेबांनी प्राचार्यपद स्वीकारले. आणि पहिले सत्र चालू असतानाच, १३ ऑक्टोबरला, येवल्याच्या परिषदेत त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मी मरणार नाही. घरचे दुःख, महाविद्यालयाचा कारभार आणि ही घोषणा हे सारे पाच महिन्यांच्या आतले आहे. या तीन गोष्टी एकत्र ठेवून कोणी लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. जाणकारांनी भर घालावी.

प्रतिसाद १ : मूळचा येवल्याचा

धागा आवडला. येवल्याच्या सभेविषयी एक गोष्ट जोडतो, कारण आमच्या गावात मुक्तिभूमीवर येणाऱ्या पाहुण्यांना धर्मांतराची घोषणा तेवढी माहीत असते. त्याच भाषणात बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह थांबवा, असेही सांगितले होते. पाच वर्षे लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि दार उघडले नाही, तेव्हा ती शक्ती आता तेथे घालवू नये, असा त्याचा आशय होता. नाशिकचा सत्याग्रह येवल्यात संपला असे म्हटले तरी चालेल. घोषणा आणि दीक्षा यांतील अंतरही पाहण्यासारखे आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ते १४ ऑक्टोबर १९५६, म्हणजे एकवीस वर्षे आणि एक दिवस. निर्णय एका भाषणात सांगून टाकला आणि 'कोठे जायचे' याचा अभ्यास पुढे दोन दशके चालवला. आपण महाडच्या दाव्याविषयी ज्या धीराचा उल्लेख केला, तोच मला येथे दिसतो.

प्रतिसाद २ : अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी

एक हरकत नोंदवतो. 'कायद्याचे प्राध्यापक' ही ओळख बाबासाहेबांना अपुरी पडते. त्यांच्या कोलंबियातील आणि लंडनमधील पदव्या अर्थशास्त्राच्या होत्या. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले ते त्याच्या जोडीने. १९२३ साली लंडन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी, आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. सिडनहॅममध्ये ते शिकवत तेव्हा इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊन बसत, आणि त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. वर्गात ज्याचे ऐकायचे, त्याचे पाणी मात्र वेगळे. माझ्या मते चवदार तळ्याची सुरुवात शोधायची असेल तर त्या भांड्यापाशीही थोडे थांबावे लागेल.

त्यामुळे 'आधी प्रश्न निश्चित करा' ही रीत कायद्याची की अर्थशास्त्राची, यावर वाद होऊ शकतो. मी अर्थातच आमच्या विषयाच्या बाजूने आहे.

धागाकर्ता

हरकत मान्य आहे. अर्थशास्त्र आधीचे, यात शंका नाही. मात्र १९२३ नंतर त्यांच्या हातून जी सार्वजनिक कामे झाली, त्यांत पुरावा, वहिवाट, अधिकार, हुकूम हे शब्द मला अधिक भेटतात. कदाचित माझा चष्मा शिरस्तेदाराचा असल्यामुळे तसे दिसत असेल.

प्रतिसाद ३ : तालुका न्यायालयातील वकील

काका, आपण महाड आणि नाशिक यांच्यातील जो फरक सूचित केला आहे तो अधिक उलगडून सांगण्याचा प्रयत्न करते. तोच या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते.

महाडला बाबासाहेबांच्या पायाखाली कायद्याची जमीन होती. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखान्यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असे तो ठराव सांगत होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळे खुले केल्याचे जाहीर केले. अंमल होत नव्हता, एवढाच प्रश्न होता. म्हणजे महाडला त्यांनी नवा हक्क मागितला नव्हता. कागदावर मिळालेला हक्क वापरून दाखवला होता.

नाशिकला तसा आधार नव्हता, कारण त्या ठरावात देवळांचा उल्लेखच नाही. काळारामाच्या बाबतीत दाखवायला हुकूम नव्हता आणि न्यायालयात जाऊन मागावा असा स्पष्ट हक्कही नव्हता. कायदा शिकवणाऱ्या माणसाला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरीही त्यांनी चारही दरवाजांवर माणसे बसवली. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. कायदा सोबत नाही तेथे माणसे उभी करायची आणि कायदा सोबत आहे तेथे माणसांना थांबवून न्यायालयात जायचे, अशी ही दुहेरी चाल मला दिसते.

या दोन्ही आंदोलनांचे पुढे काय झाले ते राज्यघटनेत पाहता येते. अनुच्छेद १५ चे दुसरे उपकलम काढून वाचा. दुकाने, उपाहारगृहे यांच्यानंतर तेथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते येतात, आणि त्यांना जोडून अट येते ती राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या, किंवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या जागांची. बोले ठरावाची भाषा त्यात मला स्पष्ट ऐकू येते. 'स्नानघाट' हा शब्द नाशिककराने जरा थांबून वाचावा. देवळांची सोय वेगळी केली आहे. अनुच्छेद २५ च्या दुसऱ्या उपकलमात, सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा राज्याला करता येईल, असे म्हटले आहे. मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ सालीच केला होता. पाणी एका कलमात आणि देऊळ दुसऱ्या कलमात, हा भेद महाड आणि नाशिक येथे अनुभवाला आलेला होताच.

प्रतिसाद ४ : सरळ प्रश्न

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरी एक विसंगती मांडतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह या मार्गांना अराजकाचे व्याकरण म्हटले आणि ते जितक्या लवकर सोडून देऊ तितके आपल्या हिताचे, असे सांगितले. ज्यांनी महाडला आणि नाशिकला सत्याग्रह केला त्यांनीच हे म्हणावे, याला काय म्हणायचे? सत्तेच्या बाहेर असताना एक आणि कायदामंत्री झाल्यावर दुसरे, असे कोणी म्हटले तर आपले उत्तर काय?

धागाकर्ता

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर त्याच भाषणात, त्याच परिच्छेदात आहे. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठण्याचा घटनात्मक मार्ग जेव्हा उपलब्धच नव्हता तेव्हा घटनाबाह्य मार्गांचे बरेच समर्थन करता येत होते; मार्ग खुले झाल्यावर ते समर्थन उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. वकीलताईंनी वर जे दाखवले तेच हे आहे. १९३० साली काळारामाच्या दारात कोणता घटनात्मक मार्ग खुला होता?

दुसरे असे की नाशिकचा सत्याग्रह हे साधन आहे, याची जाणीव त्यांना प्रथमपासून होती. ३ मार्च १९३४ रोजी त्यांनी भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून किंवा देवळात गेल्याने त्यांना समता मिळेल म्हणून मी हा लढा काढला नव्हता, लोकांत चेतना यावी आणि आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी यासाठी तो उत्तम उपाय वाटला म्हणून काढला, ते काम झाले आहे, आता शिक्षण आणि राजकारण यांवर लक्ष द्यावे, असा त्या पत्राचा भाव आहे. सत्याग्रह चालू असतानाच, दार उघडले नसतानाही, 'उद्दिष्ट साधले' असे म्हणणारा नेता विरळा.

आपली शंका मात्र मी पूर्णपणे उडवून लावत नाही. मार्ग 'उपलब्ध' आहे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्या भाषणानंतरही उरतोच, आणि दादासाहेब गायकवाडांनी पुढे १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केलेच.

प्रतिसाद ५ : दिंडोरी तालुका

दादासाहेबांचे नाव अखेर आले, याचे समाधान वाटले. काळाराम सत्याग्रहाची चर्चा निघाली की आपण २ मार्चच्या मिरवणुकीवर थांबतो. बाबासाहेब त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. येथे मागे राहून वर्षानुवर्षे माणसे जमवणे, तुकड्या पाठवणे, पकडले गेलेल्यांच्या घरची चूल पेटती ठेवणे हे काम ज्यांनी सांभाळले त्यांत आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड पुढे होते, अमृतराव रणखांबे होते. पहिल्याच वर्षीच्या रामनवमीला दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते, ते ऐनवेळी मोडले आणि दगडफेक झाली. दगड झेलणाऱ्यांत बहुतेक जण खेड्यांतले होते, आणि गावी परतल्यावर त्यांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले.

प्राध्यापक आणि अनुयायी या नात्याने पाहिले तर बाबासाहेबांची दादासाहेबांना लिहिलेली पत्रे हा एक वेगळाच वर्ग आहे. काय करावे इतकेच त्यांत नसते, का करावे तेही असते. १९५७ साली दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

प्रतिसाद ६ : कायदा शिकवणारा

मी गेली बरीच वर्षे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पुराव्याचा कायदा शिकवतो, म्हणून एक धंदेवाईक निरीक्षण. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्यांची अध्यापनाची टिपणे छापलेली आहेत. मुदतीचा कायदा, विश्वस्त कायदा, मालमत्ता हस्तांतरण, विनिर्दिष्ट अनुतोष, फौजदारी प्रक्रिया, पुरावा, असे रोजच्या अभ्यासक्रमातले रूक्ष विषय. त्यांत घोषणा नाहीत, जातीचा प्रश्नही नाही. मुद्दे, उपमुद्दे, अपवाद. परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी केलेली टिपणे जशी असावीत तशीच ती आहेत. मी ती प्रथम वाचली तेव्हा, खरे सांगायचे तर, निराश झालो होतो. मला क्रांतिकारक भेटायचा होता आणि भेटले नेमून दिलेला अभ्यासक्रम इमानाने शिकवणारे मास्तर. दोन-तीनदा वाचल्यावर माझे मत बदलले.

हे मास्तर पुढे संविधान सभेत दिसतात. मसुद्यावर सात हजार सहाशे पस्तीस दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी दोन हजार चारशे त्र्याहत्तर प्रत्यक्ष सभागृहात चर्चेला आल्या. वादविवादाचे वृत्तांत काढून कोणताही दिवस वाचावा. सदस्य दुरुस्ती मांडतो, दोघेतिघे बोलतात, आणि शेवटी डॉ. आंबेडकर उठून, सदस्याची शंका काय आहे ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडतात आणि मग उत्तर देतात. शंका विचारणाऱ्याला आपली शंका आपल्यापेक्षा चांगली मांडलेली ऐकू येते. वर्गात हे ज्याला जमते तो मास्तर चांगला. मसुदा समितीत सात जण नेमले होते, परंतु कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी अमेरिकेत होते, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर, आणि भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहातच सांगितले होते.

प्राचार्य असताना महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेखही लिहिला होता. तो जानेवारी १९३६ चा आहे, म्हणजे येवल्यानंतर तीनच महिन्यांनी. देशभर त्यांच्या धर्मांतराच्या घोषणेवर चर्चा पेटलेली, आणि प्राचार्य वकिलांना कसे शिकवावे याविषयी लिहीत बसलेले.

प्रतिसाद ७ : सरळ प्रश्न

धागाकर्त्यांचे उत्तर पटले, निदान बरेचसे. जानेवारी १९३६ च्या लेखाची माहिती मला अगदी नवी आहे. एक मात्र विचारतो. हाच माणूस कायदामंत्री म्हणून हिंदू संहिता विधेयक संमत करून घेऊ शकला नाही आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. १९५२ च्या निवडणुकीत तो मुंबईत हरला, १९५४ मध्ये भंडाऱ्यात हरला. शंकेचे उत्तर देण्याची हातोटी असून मते का मिळाली नाहीत?

प्रतिसाद ८ : कायदा शिकवणारा

वर्गात बसलेल्याला निदान उत्तर ऐकायचे असते. विधेयकाला विरोध करणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते ऐकायचेच नव्हते. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही. राजीनाम्यानंतर त्यांनी जे निवेदन प्रसिद्ध केले ते मात्र वाचाच. पाच कारणे एकापुढे एक, क्रमाने दिलेली आहेत. रागातही क्रम सुटत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पुतण्याच्या मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने बाराव्या खंडातील पुराव्याच्या कायद्याची टिपणे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आणली असून सध्या ती माझ्याच टेबलावर पडली आहेत, कारण परीक्षा तिची असली तरी वाचतो आहे मी. माझ्या मूळ लेखात 'वादी म्हणतात ती वहिवाट' असे मी जेथे लिहिले आहे, तेथे 'वहिवाट' आणि 'रूढी' यांत कायद्याने फरक आहे, असे तिने पेन्सिलीने लिहून दिले आहे. 'रूढी' असे वाचावे.

येत्या १३ ऑक्टोबरला आम्ही दोघे निफाड-विंचूर मार्गे येवल्याला जाणार आहोत. सकाळची पहिली गाडी धरू. कोणाला सोबत यायचे असल्यास येथेच कळवावे.